गोराईचे पाळणे आणि माहीमचे पाळणे

टीव्हीवर ज्याची जाहिरात लागली की आमच्या येडगाव-नारायणगाव भागातली पोरे हातातले काम टाकून पडद्यासमोर येत, ते गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. शेजारचे वॉटर किंगडम तेवढे चालू राहिले. मुंबईतली खेळायची एक जागा गेली, एवढाच याचा अर्थ मी घेत नाही. करमणुकीची जागा कोणाच्या मालकीची असावी, हा जुना प्रश्न त्यात आहे.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पूघर उघडले होते; ते २००८ मध्ये बंद पडले. पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही काढणाऱ्या सुभाष चंद्र यांनी त्याआधीच गोराईत हे उद्यान उभे केले होते. १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. दोन्ही मिळून जागा सुमारे ६४ एकर. भाईंदर-उत्तनकडून रस्ता होता, पण खरी मजा बोरिवलीहून किंवा मार्वेहून लाँचने खाडी ओलांडण्यात होती. येडगाव धरणापेक्षा मोठे पाणी न पाहिलेली आमची मुले सहलीला माळशेज घाट उतरून जात, तेव्हा कित्येकांना खाऱ्या वाऱ्याची पहिली ओळख त्या लाँचवर होई.

करमणूक आपल्याकडे त्याआधीही होतीच. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. तिकडे माहीमला मख्दूम फकीह अली माहिमी यांच्या दर्ग्याची जत्रा दर डिसेंबरात दहा दिवस भरते. पोलिसांच्या संदलचा तिथे मान असतो आणि रेतीबंदरच्या वाळूत आकाशपाळणे उभे राहतात. पंधराव्या शतकात होऊन गेलेल्या, कुरआनचे भाष्य लिहिणाऱ्या एका विद्वान सूफीच्या नावाने आजही मुले पाळण्यात बसतात आणि त्यात सगळ्या धर्मांची मुले असतात.

मग एस्सेलवर्ल्डने नवे काय दिले? तिथे जायला सण लागत नव्हता, नवस लागत नव्हता. बुरख्यातली आई, नऊवारीतली आजी आणि जीन्समधली कॉलेजची मुलगी एकाच रांगेत उभ्या राहत. जात-धर्म कोणी विचारत नव्हते. खिसा मात्र विचारला जाई. सहलीची वर्गणी न जमल्याने मागे राहिलेली मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत.

तिकिटावर चालणारी जागा तिकिटावरच बंद पडते. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि पुणे जिल्ह्यातल्या शाळांना ते जवळचे झाले. २०२० मध्ये कोरोना आला. गर्दीवर जगणारे सगळेच धंदे बसले. जगभर हेच घडत आले आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९७ साली जॉर्ज टिल्यू यांनी समुद्राकाठी स्टीपलचेस पार्क काढले. १९६४ मध्ये ते बंद झाले. पुढच्या वर्षी फ्रेड ट्रम्प यांनी जागा विकत घेतली आणि १९६६ मध्ये तिथली मुख्य इमारत पाडली. त्यांच्या मनातल्या रहिवासी इमारती काही उभ्या राहिल्या नाहीत. खेळही गेला, घरेही झाली नाहीत. जागा वर्षानुवर्षे ओसाड राहिली.

समुद्राकाठच्या जमिनीचा भाव हसण्याच्या भावापेक्षा नेहमीच चढा असतो. मालकाने हिशेब केला, तर त्याला दोष देता येत नाही. जागा त्याची आहे. माहीमची वाळू कोणा एकाची नाही, म्हणून कोणी एक जण तो मेळा कायमचा बंद करू शकत नाही. पाळणेवाले आपले गाशे गुंडाळून जातात आणि पुढच्या डिसेंबरात परत येतात.

आपल्या गावांनी यातून एक गोष्ट घ्यावी. जत्रेचे, उरुसाचे, आठवडे बाजाराचे मैदान वर्षातले बरेच दिवस रिकामे दिसते, म्हणून तिथे गाळे काढायचा मोह ग्रामपंचायतींना होतो. तो विषय ग्रामसभेत निघाला, तर आधी सातबारा मागून पाहा आणि जागा गावाच्याच नावावर राहील असा ठराव करून घ्या. एस्सेलवर्ल्डबद्दल हळहळण्यापलीकडे आपल्या हातात फार काही नाही. मैदान मात्र आपल्या हातात आहे.