बुडालेल्या कोळ्याचा स्वेटर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ॲरन नावाची तीन बेटे आहेत. तिथल्या जाड, पांढऱ्या, वेण्यांच्या विणीच्या स्वेटरबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ती अशी : तिथे प्रत्येक कुळाची वीण वेगळी असे. घरचा माणूस समुद्रात बुडाला आणि कित्येक दिवसांनी प्रेत ओळखण्यापलीकडच्या अवस्थेत किनाऱ्याला लागले, तरी स्वेटरच्या विणीवरून तो कोणत्या घरचा हे कळे. गोष्ट इतकी चटका लावणारी आहे की तिचा पुरावा मागणे निर्दयपणाचे वाटते. तरीही मी तो मागायचे ठरवले. शोधले मात्र इतिहासग्रंथांत नाही, तर विणकामाच्या नमुन्यांच्या पुस्तकांत. ग्रंथालयात पाककृतींच्या शेजारी ठेवलेल्या या पुस्तकांना कोणी साधने मानत नाही. मला ती साधने वाटतात, पण कोणत्याही साधनाप्रमाणे तीही तपासून घ्यावी लागतात.

या गोष्टीचे मूळ बहुधा एका नाटकात आहे. जे. एम. सिंग १८९८मध्ये प्रथम ॲरनला गेला. त्याचे ‘रायडर्स टु द सी’ हे नाटक १९०४मध्ये रंगभूमीवर आले. त्यात नोरा आपल्या बुडालेल्या भावाला ओळखते ती पायमोज्यावरून. आपण साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार गाळले होते, हे तिला आठवते. इथे कुळाची वीण कुठेच नाही. एका बहिणीच्या हातचे काम आणि तिने मोजलेले टाके, एवढीच ती ओळख आहे. बेटांवरच्या वास्तव्याबद्दलचे सिंगचे पुस्तक १९०७मध्ये निघाले. मोठ्या बेटावरच्या बऱ्याच तरुणांनी कोळ्यांची नेहमीची जर्सी घालायला सुरुवात केली आहे, मधल्या बेटावर मात्र आपल्याला अशी एकच दिसली, अशी नोंद त्याने त्यात केली आहे. म्हणजे ज्या वस्त्राला प्राचीन म्हटले जाते, त्याचा पूर्वज तेव्हा बेटावर नुकता येत होता.

हा पूर्वज म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची ‘गॅन्सी’. गर्द निळी, पिळाच्या लोकरीची, पाच सुयांवर गोल विणलेली, अंगाला घट्ट बसणारी. काखेत चौकोनी कळी. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणायच्या, म्हणजे कफ झिजला की तेवढाच उसवून पुन्हा विणता येतो. सुलट-उलट टाक्यांची नक्षी बहुधा छातीवर. या विणी कागदावर नव्हत्या. त्या आईकडून मुलीकडे हातोहात जात. ग्लॅडिस थॉम्प्सन या बाईंनी शेरिंगम, फाइली, फ्लॅम्बरो अशा कोळीवाड्यांतून हिंडून, माणसांच्या अंगावरचे स्वेटर पाहून टाके मोजले. त्यांचे पुस्तक १९५५मध्ये आले आणि १९६९च्या वाढीव आवृत्तीत ॲरनच्या विणीही आल्या. १९७९मध्ये मेरी राइट यांनी कॉर्नवॉलच्या गॅन्सींवर लिहिले. पोलपेरोसारख्या गावांत बायका हे काम केवळ नवऱ्यासाठी नव्हे, व्यापाऱ्यांसाठी मजुरीनेही करत, हे त्यातून कळते. प्रेमाच्या टाक्यांच्या शेजारी रोजगाराचे टाके होते.

दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाने मात्र वेगळेच काम केले. हाइन्झ एडगर कीवे हे ऑक्सफर्डमधले लोकर आणि भरतकामाच्या सामानाचे दुकानदार. १९३६मध्ये डब्लिनमध्ये त्यांनी एक पांढरा स्वेटर विकत घेतला. तो त्यांनी मेरी थॉमस यांना दाखवला आणि १९४३मध्ये थॉमस यांच्या विणींच्या पुस्तकात त्याचे छायाचित्र छापले गेले. पुढे १९६७मध्ये कीवे यांनी ‘द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग’ लिहिले. सुमारे इ.स. ८००च्या ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितातल्या एका आकृतीच्या अंगावर त्यांना ॲरनचा स्वेटर दिसला, आणि वेण्या-हिऱ्यांमध्ये धार्मिक अर्थ सापडले. अडचण अशी, की युरोपात सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने ज्ञात नमुने तेराव्या शतकातले, स्पेनमधल्या राजघराण्याच्या कबरींतले आहेत. हस्तलिखितातल्या चित्रकाराने जे वस्त्र रंगवले, ते विणलेला स्वेटर असणे जवळजवळ अशक्य.

तरी ही कल्पना टिकली, कारण तिला बाजार मिळाला. १९६१मध्ये क्लॅन्सी बंधू हे आयरिश गायक असे स्वेटर घालून अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायले. स्वेटरची निर्यात करणारे पाड्रिग ओ’शोखान यांनी १९६२मध्ये ॲरनच्या आख्यायिकांवर पुस्तक लिहिले. परदेशात गेलेल्या आयरिश माणसाच्या नातवंडाला आपल्या आडनावाची वीण मिळणे ही मोठीच गोष्ट होती. त्या भावनेची मी टिंगल करणार नाही. विस्थापितांना मूळ हवे असते, आणि ते विकतही मिळते.

या कल्पनेची झाडाझडती घेतली ती एका बिशपने. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट हे कोरियन भाषेचे अभ्यासक आणि स्वतः उत्तम विणणारे. ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’ या १९८७च्या ग्रंथात त्यांनी कीवे यांचा सिद्धांत पुराव्यानिशी मोडीत काढला. त्यानंतर १९९७मध्ये स्कॉटलंडच्या ॲलिस स्टारमोर यांनी ‘ॲरन निटिंग’मध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातले जुने स्वेटर टाका-टाका वाचले. इतिहासकार मजकूर वाचतो तसे त्यांनी कापड वाचले : काखेतली कळी कशी, खांदा कसा जोडला, वीण कुठे बदलली. त्यांना त्यात स्कॉटिश गॅन्सीची बांधणी दिसली. त्या बांधणीवर कोणा कल्पक विणणारीने वेण्या, हिरे, साबुदाणा वीण अशी दाट नक्षी चढवली, आणि हे विसाव्या शतकात घडले.

मला या साऱ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. हजार वर्षांच्या परंपरेची कथा ऐकताना आपण भारावतो, पण त्या कथेत विणणारी बाई कुठेच नसते. ती फक्त पूर्वजांचा नमुना पुढे नेते, स्वतः काही करत नाही. तिचा स्वेटरही तिच्या कौशल्याचा पुरावा राहत नाही, तो पुरुषाच्या मृत्यूचा ओळखपट्टा होतो. पुराणकथा बाजूला केली की ती दिसू लागते : बाहेरून आलेली एक जर्सी हातात घेऊन उलटसुलट पाहणारी, ‘यात आणखी काय करता येईल?’ असे मनाशी म्हणणारी, आणि कदाचित त्या कामाचे पैसे मोजून घेणारी. परंपरा तरुण ठरल्याने लहान होत नाही. उलट तिला कर्ता मिळतो.

आपल्याकडेही एखादी वीण, एखादा काठ, एखादा पदर ‘पुरातन’ म्हणून दाखवला जातो, तेव्हा किती जुना हा प्रश्न आपण लगेच विचारतो. कोणाच्या हातचा, हा प्रश्न राहून जातो. थॉम्प्सनबाईंनी कोळ्यांच्या छातीवरचे टाके मोजले नसते, तर त्या हातांची एवढीही नोंद उरली नसती. म्हणून नमुन्यांच्या पुस्तकाची प्रस्तावना मी सावधपणे वाचतो आणि त्यातला तक्ता विश्वासाने. ‘दोन सुलट, दोन उलट’ हे शब्द कोणाचे मन जिंकण्यासाठी लिहिलेले नसतात. ते चुकीचे असतील, तर पुढच्याच ओळीत स्वेटर ते सांगून टाकतो.