नारायणगावचा मांडव आणि ससेक्सची द्राक्षं

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. वाइनमधलं मला फारसं कळत नाही आणि आईसमोर हा विषय काढायचीही चोरी! पण आजोळ नारायणगावजवळचं, त्यामुळे द्राक्षाची बाग दिसली की पाय थांबतात. वेस्ट ससेक्समध्ये क्लायंटकडे जाताना वेलींच्या ओळी दिसल्या आणि मी चक्रावलोच. या पावसात द्राक्षं?

तो मळा नायटिंबरचा. या जागेची नोंद १०८६ च्या 'डूम्सडे बुक'मध्ये आहे, द्राक्षं मात्र अलीकडची. १९८८ मध्ये शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या दांपत्याने इथे शॅम्पेनच्याच तीन जाती लावल्या: शार्डने, पिनो न्वार आणि पिनो मूनिए. जाणकारांनी त्यांना सफरचंदं लावायला सांगितलं होतं म्हणे! पण मॉस यांचा भरवसा जमिनीवर होता. दक्षिण इंग्लंडातला खडूचा थर समुद्राखालून फ्रान्सकडे जातो. नायटिंबरला त्यालगतचा हिरवट वालुकाश्म आहे. पाणी साचत नाही. पहिली वाइन १९९२ च्या द्राक्षांची. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, मग वर्षानुवर्षं पडून राहते. (वाइनमध्ये साखर घालून फेस आणायची युक्ती ख्रिस्तोफर मेरेटने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. फ्रेंच मित्रांना हे जरूर ऐकवा.)

आणि गंमत बघा, नायटिंबरची पहिली बाटली बाजारात येण्याआधीच आपल्या नारायणगावची 'ओमर खय्याम' लंडनमध्ये मिळत होती! शामराव चौगुले यांच्या इंडेजने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ती १९८० च्या दशकात काढली.

नायटिंबरचा नियम असा, की बाहेरचं एकही द्राक्ष घ्यायचं नाही. २०१२ साली थंडी-पावसाने मोसम बिघडला. वाइनमेकर शेरी स्प्रिग्ज यांनी ठरवलं, या वर्षी वाइन करायचीच नाही. मला हे फार भारी वाटलं. मामांना फोनवर उत्साहाने सांगितलं.

ते म्हणाले, "त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नसेल रे."

खरंय. २००६ मध्ये हा मळा एरिक हीरेमा या डच उद्योजकाने घेतला. एक वर्ष सोडून देणं त्यांना झेपलं. मामांच्या बागेत ऐन काढणीला अवकाळी आला, तेव्हा मामींनी तडकलेले मणी कात्रीने एकेक काढले आणि उरलेला माल व्यापारी देईल त्या भावाला गेला.