टाका आणि सोल्डर

‘फॅशन डिझाइन आणि वेअरेबल टेक्नॉलॉजी यांच्यातली दरी’ हा विषय प्रस्तावात लिहायला छान वाटतो. पण गाइडने ‘दरी म्हणजे नेमकी कुठे?’ असं विचारलं, तर तुम्ही काय दाखवाल? माझं उत्तर असं: जिथे मऊ धागा कडक सर्किटला भेटतो, तिथे. धागा वाकतो, सोल्डर वाकत नाही. कपडा घडी घातला, पिळला की सगळा ताण त्या सांध्यावर येतो आणि तो तिथेच तुटतो. गेल्या पंचवीसेक वर्षांचा इतिहास या एका सांध्याभोवती वाचून बघा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: पडतं कोणी घेतलं, कापडाने की इलेक्ट्रॉनिक्सने?

सुरुवात 1997 पासून करू. त्या वर्षी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये वेअरेबल कॉम्प्युटरवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोवर ‘वेअरेबल’ म्हणजे बहुतेकदा कमरेला किंवा पाठीला बांधलेला संगणक आणि डोळ्यापुढे छोटा पडदा. त्याच परिषदेत एमआयटी मीडिया लॅबचे रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी वेगळा विचार मांडला: सर्किट कपड्यावर लादण्याऐवजी कापडातूनच का करू नये? ऑर्थ चित्रकलेचं शिक्षण घेऊन आलेल्या होत्या, हे इथे महत्त्वाचं. त्यांच्या गटाच्या डेनिम जॅकेटवर वाहक धाग्याने भरतकाम केलेला कीपॅड होता. बोट लावलं की सूर वाजायचे.

त्यांनी वापरलेलं एक कापड होतं धातूचा ऑर्गन्झा. त्यात एका दिशेने साधं रेशीम, आणि दुसऱ्या दिशेने धातूची पातळ पट्टी गुंडाळलेला रेशमी धागा. ओळखीचं वाटलं? पैठणीच्या काठापदरातली अस्सल जरही अशीच बनते: आत रेशमाचा गाभा, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची चपटी तार. आपण जिला शोभा म्हणून बघत आलो, ती रचना विजेच्या भाषेत तार आहे! धातूला कापडासारखं वाकवायचं कसं, हे विणकरांना फार आधीपासून माहीत होतं.

2000 मध्ये फिलिप्स आणि लीव्हाइस यांनी आयसीडी प्लस हे जॅकेट बाजारात आणलं. डिझाइन मासिमो ओस्ती या इटालियन डिझायनरचं. आत मोबाइल आणि एमपीथ्री प्लेअर, कॉलरपाशी मायक्रोफोन. पण धुवायच्या आधी वायरींसकट सगळं काढून ठेवावं लागे. म्हणजे सांधा सुटला नव्हता, टाळला होता. कपडा इथे फक्त खिसा झाला.

2007 मध्ये लिलीपॅड आर्डुइनो आला. लीआ ब्युकली यांच्या कोलोराडो विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या कामातून तो निघाला. गोल बोर्ड, कडेला पाकळ्यांसारखी भोकं. सोल्डरऐवजी वाहक धाग्याने शिवायचं. तोच टाका बोर्ड धरूनही ठेवतो आणि वीजही नेतो. मर्यादा होत्याच. धाग्याचा रोध तांब्यापेक्षा जास्त, आणि त्यावर आवरण नसल्यामुळे दोन टाके टेकले की शॉर्ट सर्किट. पण इथे बोर्डाने आपला आकार सुईसाठी बदलला होता. परिणामही दिसला: ब्युकली आणि बेंजामिन माको हिल यांनी 2010 मध्ये दाखवलं की साध्या आर्डुइनोच्या तुलनेत लिलीपॅडवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. सांधा बदलला तशी माणसंही बदलली.

2017 मध्ये गूगल आणि लीव्हाइसचं जॅकार्ड जॅकेट 350 डॉलरला विकायला आलं. त्याचा वाहक धागा नेहमीच्या औद्योगिक मागांवर चालेल असा बनवलेला; बाहीच्या टोकाशी कापडातच विणलेला स्पर्शपट्टा, आणि काढघाल करता येणारा छोटा टॅग. सांधा आता बराच आटोपशीर झाला होता. तरी 2023 मध्ये त्याचं ॲप बंद झालं. जॅकेट धडधाकट, पण त्यातलं तंत्रज्ञान मुकं! डेनिम वर्षानुवर्षं टिकतं, सॉफ्टवेअरला तेवढं आयुष्य कोणी दिलं नाही. दरी मिटली नाही, ती सांध्यातून काळात सरकली.

आता तुमचा प्रस्ताव उघडा. ‘दरी’ या शब्दाच्या जागी मोजता येईल अशी गोष्ट लिहा: किती धुण्यांनंतर, किती वेळा वाकवल्यावर रोध किती बदलला? वस्तू किती वर्षं चालली पाहिजे? पेपर वाचताना टेबलावरच्या नमुन्याचा आलेख बघून थांबू नका. धुतल्यानंतरचा आलेख दिलाय का, ते शोधा. आणि प्रयोग ठरवायच्या आधी एखाद्या शिंप्याकडे किंवा विणकराकडे तासभर बसा. ताण कुठे येतो हे तुम्हाला यंत्र लावून मोजावं लागेल. त्यांना ते बहुधा हाताने कळतं.