पुनर्वापरक्षम अग्निबाण

उड्डाणानंतर सुखरूप उतरवून पुन्हा वापरता येणारे अग्निबाण. एरवी अग्निबाणाचा महागडा पहिला टप्पा काम संपताच समुद्रात पडून वाया जातो. अमेरिकेचे स्पेस शटल (१९८१–२०११) परत येत असे. पण दर फेरीनंतरच्या दुरुस्तीमुळे खर्च उतरला नाही. खरी चुरस लागली ती जेफ बेझोस यांची ब्लू ओरिजिन आणि इलॉन मस्क यांची स्पेसएक्स या खासगी कंपन्यांत. २३ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्लू ओरिजिनचा ‘न्यू शेपर्ड’ १०० किमी. उंची गाठून उभा उतरला. महिन्याभरात स्पेसएक्सच्या ‘फाल्कन ९’ने ११ उपग्रह कक्षेत सोडले आणि त्याचा पहिला टप्पा केप कॅनव्हरलला परतला. ही कामगिरी न्यू शेपर्डच्या उतरण्यापेक्षा कितीतरी अवघड होती. उपग्रह नेणाऱ्या टप्प्याला प्रचंड आडवा वेग असतो. तो मोडण्यासाठी एंजिने पुन्हा पेटवावी लागतात, जाळीदार पंखांनी दिशा सांभाळावी लागते आणि परतीचे इंधन राखल्याने वाहून न्यायचा भार घटतो. फाल्कन ९ चा वापरलेला टप्पा मार्च २०१७ मध्ये पुन्हा उडाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेसएक्सच्याच ‘स्टारशिप’ या अग्निबाणाचा पहिला टप्पा उड्डाण-मनोऱ्याच्या यांत्रिक बाहूंनी हवेतच झेलला. फाल्कन ९ चा दुसरा टप्पा मात्र परत आणला जात नाही.