‘पेशीविकृतिशास्त्र’ आणि रॉबर्ट रेमाक

१८५८ सालच्या फेब्रुवारी, मार्च व एप्रिल या तीन महिन्यांत बर्लिन येथील विकृतिशास्त्राच्या नव्या संस्थेंत वीस व्याख्यानें झालीं. व्याख्याता रुडॉल्फ फिर्खो हा छत्तीस वर्षांचा प्राध्यापक होता. श्रोत्यांत शहरांत धंदा करणाऱ्या डॉक्टरांचा भरणा होता. एका विद्यार्थ्यानें तीं व्याख्यानें लघुलेखनानें टिपून घेतलीं, वक्त्यानें त्यांवरून थोडा हात फिरविला, आणि त्याच वर्षीं १४४ आकृतींसह त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘पेशीविकृतिशास्त्र’. बोललेल्या शब्दाचा ग्रंथ झाला म्हणजे त्याची मांडणी कधींकधीं सैल पडते हें खरें, पण ऐकणाऱ्याला समजलेंच पाहिजे ही काळजी त्याच्या प्रत्येक पानावर राहते. या ग्रंथाच्या यशाचें अर्धें रहस्य तेथेंच आहे.

माणसाला रोग होतो म्हणजे त्याच्या शरीरांतील नेमक्या कोणत्या वस्तूला होतो, हा त्या व्याख्यानांचा प्रश्न होता. युरोपांतील वैद्य सुमारें दोन हजार वर्षें रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त या चार रसांच्या कमीअधिकपणांत त्याचें उत्तर शोधीत आले होते. त्रिदोषांची भाषा ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना ही कल्पना मुळींच परकी वाटणार नाहीं. १८४६ सालींसुद्धां व्हिएन्ना येथील रोकिटान्स्कीसारखा थोर विकृतिशास्त्रज्ञ रोगांचें मूळ रक्ताच्या घटनेंतील बिघाडांत आहे असें प्रतिपादीत होता. फिर्खोनें सांगितलें कीं, रोगाचें ठाणें रसांत नसून शरीराच्या पेशींत आहे. शरीर हें एक राज्य आहे आणि पेशी हे त्याचे नागरिक आहेत. १८४८ च्या क्रांतींत बर्लिनच्या रस्त्यांवरील मोर्चेबंदींत जो स्वतः उभा होता, त्याच्या तोंडीं हा दृष्टांत नुसता शोभेचा नव्हता. आणि या सगळ्या विचारसौधाचा पाया एका लहानशा सिद्धांताचा होता : प्रत्येक पेशी ही आधींच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, अन्य कशापासूनहि नाहीं.

आज शाळेंतील मुलगा हा सिद्धांत एका दमांत म्हणून दाखवितो. परंतु तो ठरण्यापूर्वीं जवळजवळ दोनशे वर्षें गेलीं होतीं, आणि ज्यानें तो डोळ्यांनीं पाहून ठरविला त्याचें नांव फिर्खो नव्हतें.

या इतिहासाचा आरंभ एका चित्रांच्या पुस्तकानें होतो. १६६५ सालीं लंडन येथील रॉयल सोसायटीच्या आश्रयानें रॉबर्ट हुकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ निघाला. सॅम्युएल पेपिस हा नौदलाचा अधिकारी तो वाचीत रात्रीं दोन वाजेपर्यंत जागा राहिला, असें त्याच्याच रोजनिशींत आहे. हुकनें त्यांत पिसूचें चित्र एवढें मोठें छापलें होतें कीं, तें पाहावयाला पान उलगडावें लागे. परंतु भविष्यकाळ त्या पिसवेंत नव्हता, बुचाच्या एका पातळ कापांत होता. चाकूनें बुचाची चकती काढून हुकनें ती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवली व त्याला मधाच्या पोळ्यासारखीं घरें दिसलीं. त्यानें तीं मोजलीं. एका घनइंचांत त्यांचा हिशेब १२५ कोटींवर गेला. या घरांना त्यानें लहान खोली या अर्थाचा शब्द दिला आणि तोच शब्द युरोपीय भाषांत रूढ झाला. खरें पाहतां बूच मेलेलें असतें. हुकला दिसल्या त्या भिंती होत्या; राहणारा केव्हांच निघून गेला होता. मराठींत या वस्तूला ‘पेशी’ हा शब्द मिळाला, आणि पेशी म्हणजे मूळचा मांसाचा गोळा; सुश्रुतानें शरीरांत अशा पाचशे पेशी सांगितल्या आहेत. सुश्रुताच्या पेशी निराळ्या हें उघड आहे. तथापि रिकाम्या खोलीपेक्षां मांसाची आठवण देणारा शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा पडला, हा मराठीचा नशिबाचा भाग म्हणावयाचा.

हुकनंतर डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाहून रॉयल सोसायटीला पन्नास वर्षें पत्रें पाठविलीं. माल्पिगी व ग्रू यांनीं वनस्पतींच्या रचनेवर ग्रंथ लिहिले. त्यापुढें दीर्घकाळ या विषयांत म्हणण्यासारखी हालचाल दिसत नाहीं. भिंगांतून पाहिलेल्या वस्तूच्या कडेला रंगांची झालर येई, आणि सूक्ष्म कांहीं पाहावें तर तें त्या झालरींतच हरवून जाई. हा दोष काढून टाकणारीं भिंगें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशांत मिळूं लागलीं. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यानें ऑर्किडच्या पेशींत एक वाटोळा ठिपका नियमानें असतो असें दाखविलें. तेंच केंद्रक.

यानंतरची कथा बर्लिनची. योहानेस म्यूलर या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत अनेक हुषार तरुण जमले होते. त्यांपैकीं थिओडोर श्वान एके दिवशीं माथियास श्लायडेन याच्याबरोबर जेवावयास बसला. श्लायडेन हा वकिली सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळलेला विक्षिप्त गृहस्थ. वनस्पतींच्या पेशी तयार होण्यांत केंद्रकाचें काय काम आहे हें तो सांगूं लागला, आणि श्वानला आठवलें कीं, बेडकाच्या पिलाच्या पृष्ठरज्जूंत आपण असेंच कांहीं पाहिलें आहे. जेवण आटोपून दोघेहि तडक श्वानच्या खोलीकडे गेले. श्लायडेनचा निबंध १८३८ सालीं व श्वानचा ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. प्राणी व वनस्पति या दोहोंचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत, हा जीवशास्त्रांतील मोठ्या ऐक्याचा सिद्धांत श्वानच्या ग्रंथानें जगाला दिला.

पण त्याच ग्रंथांत एक मोठी चूकहि होती, आणि ती थोर माणसाची असल्यामुळें फार दिवस टिकली. पेशी कशी जन्मते ? श्वानचें उत्तर असें कीं, पेशींच्या आंत किंवा पेशींच्या मध्यें एक निराकार द्रव असतो, त्यांत प्रथम एक कण धरतो, त्याभोवतीं केंद्रक व त्याभोवतीं पेशी जमते. साखरेच्या घट्ट पाकांत दोरा सोडून ठेवला म्हणजे त्याला खडीसाखरेचे खडे धरतात, तसाच हा प्रकार. दृष्टांत मोहक होता. शिवाय त्याच्यामागें एक जुनी समजूत होती. शेणापासून विंचू होतो हें उदाहरण आपल्या दर्शनग्रंथांत आहे; उवा-पिसवांना ‘स्वेदज’ म्हणण्याची चाल होती. जिवंत वस्तु निर्जीवांतून आपोआप निघते, ही कल्पना विंचवाच्या बाबतींत युरोपनें सोडली होती; पेशीच्या बाबतींत मात्र शास्त्राच्या पोशाखांत ती पुन्हां आंत आली.

तिला बाहेर घालविणारा मनुष्य म्हणजे रॉबर्ट रेमाक. त्याचा जन्म १८१५ सालीं पोझेन येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. तोहि म्यूलरचाच शिष्य. १८३८ सालीं त्यानें वैद्यकाची पदवी घेतली व त्याच वर्षीं मज्जातंतूंविषयीं असा शोध लावला कीं, दुसरा कोणी असता तर त्याला प्राध्यापकपद दूर नव्हतें. परंतु प्रशियाच्या विद्यापीठांत ज्यू मनुष्याला शिकविण्याचा अधिकार नव्हता. ख्रिस्ती व्हा म्हणजे दार उघडेल, हा मार्ग खुला होता व पुष्कळांनीं तो पत्करलाहि. रेमाकनें पत्करला नाहीं. तो वैद्यकीचा धंदा करून पोट भरी आणि संशोधन करी. १८४७ सालीं हुंबोल्टसारख्या वजनदार माणसानें शब्द टाकल्यावर राजाच्या खास परवानगीनें त्याला अध्यापनाचा अधिकार मिळाला, तोहि बिनपगारी.

अशा स्थितींत त्यानें काय पाहिलें ? १८४१ सालीं कोंबडीच्या अंड्यांतील वाढत्या गर्भाच्या रक्तांत त्याला अशा पेशी दिसल्या कीं, ज्या मध्येंच आवळल्यासारख्या होऊन दोन होत होत्या. हा अपवाद कीं नियम ? तो बेडकाच्या अंड्याकडे वळला. अंडें फलित झालें कीं त्याचे दोन भाग होतात, दोहोंचे चार, चारांचे आठ. प्रत्येक भागाभोवतीं स्वतंत्र आवरण आहे काय, म्हणजे तो भाग ही खरोखर पेशी आहे काय, हें ठरविणें सर्वांत कठीण होतें. कारण तें आवरण दिसतच नसे. रेमाकनें अंडीं घट्ट करणारीं निरनिराळीं द्रावणें वापरून पाहिलीं व अखेर आवरण दिसूं लागलें. एका अंड्यापासून बेडकाच्या स्नायूपर्यंत आणि मज्जातंतूपर्यंत विभाजनाची सांखळी कोठेंहि तुटत नव्हती, आणि निराकार द्रवांतून धरलेला खडा त्या सांखळींत कोठेंहि सांपडत नव्हता. १८५२ सालच्या निबंधांत त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, पेशीबाहेर पेशी उत्पन्न होते ही कल्पना आपोआप जन्माच्या कल्पनेइतकीच अविश्वसनीय आहे, आणि हीच गोष्ट रोगट वाढीलाहि लागू असली पाहिजे. १८५५ सालीं पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भवाढीवरील त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला.

याच १८५५ सालीं फिर्खोनें आपल्या मासिकांत एक निबंध लिहिला व त्यांत प्रत्येक पेशी पेशीपासून, हा सिद्धांत एका आटोपशीर लॅटिन सूत्रांत बसविला. तोंपर्यंत त्याचें स्वतःचें मत श्वानसारखेंच होतें, आणि रेमाकचा निबंध निघाला तेव्हां तो साशंकहि होता. आतां तो पूर्ण वळला होता. मात्र कोणामुळें वळला तें त्यानें सांगितलें नाहीं. रेमाकनें त्याला पत्र लिहून, माझें नांव न घेतां हें वाक्य तुम्हीं आपलें म्हणून कसें मांडलेंत, असा सरळ जाब विचारला.

या प्रकरणांत फिर्खोला चोर म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं. त्यानें पू, गांठी, कर्करोग, जखमेचें भरून येणें अशा शेंकडों रोगट गोष्टींवर तें सूत्र तपासून पाहिलें. रेमाकच्या एका ओळीच्या अपेक्षेचें त्यानें शास्त्र केलें. धर्मद्वेषाचा आरोपहि त्याच्यावर येत नाहीं, कारण १८८० सालीं बर्लिनमध्यें ज्यूंविरुद्ध चळवळ उठली तेव्हां तिचा जाहीर निषेध करणाऱ्यांत तो होता. तरीहि दोष उरतोच. ज्याला व्यासपीठ आहे त्यानें, ज्याला तें नाकारलें गेलें आहे त्याचें नांव घेणें, एवढें साधें कर्तव्य होतें. त्याला एक ओळ पुरली असती. ‘पेशीविकृतिशास्त्रा’चें १८६० सालचें इंग्रजी भाषांतर फिर्खोनें एडिंबरोच्या जॉन गुडसरला, पेशींच्या आद्य निरीक्षकांपैकीं एक म्हणून, अर्पण केलें. एडिंबरो दूर होतें. रेमाक त्याच शहरांत राहत होता.

दोघांच्या ग्रंथांचें नशीबहि निराळें ठरलें. फिर्खोचा ग्रंथ बोलक्या भाषेंतला व डॉक्टरांच्या नित्याच्या अनुभवांतला. तो थोड्याच वर्षांत सर्वत्र पोंचला. रेमाकचा ग्रंथ गर्भशास्त्राचा, जाड, चित्रफलकांनीं भरलेला, आणि त्याच्या नांवावरून आंत हा सिद्धांत आहे अशी शंकाहि येऊं नये असा. तो तज्ज्ञांनीं वाचला. बाकीच्यांनीं त्याचें सार फिर्खोच्या तोंडून ऐकलें. १८५८ सालीं, म्हणजे ‘पेशीविकृतिशास्त्र’ निघालें त्याच वर्षीं, रेमाकनेंहि एक ग्रंथ प्रसिद्ध केला, पण तो विजेच्या प्रवाहानें मज्जातंतूंचे व स्नायूंचे रोग बरे करण्याविषयीं होता. पेशींचा विषय त्यानें जवळजवळ सोडला होता. पुढच्या वर्षीं त्याला दुय्यम प्रतीचें प्राध्यापकपद मिळालें. पूर्ण प्राध्यापक तो कधींच झाला नाहीं. १८६५ सालीं किसिंगेन येथें, वयाच्या पन्नाशींत, तो वारला. फिर्खो १९०२ पर्यंत जगला व मानसन्मानांनीं न्हाऊन निघाला.

रेमाकचें सगळेंच बरोबर होतें असें नाहीं. केंद्रक सरळ मध्येंच चिमटून दुभंगतें असें त्याला वाटे. १८८२ सालीं वाल्टर फ्लेमिंगनें सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी रंगवून दाखविलें कीं, केंद्रकांत धागे दिसूं लागतात, ते उभे चिरले जातात आणि त्यांची सारखी वांटणी होते. फिर्खोच्या सूत्राच्या धर्तीवर त्यानें प्रत्येक केंद्रकहि केंद्रकापासूनच होतें, अशी पुस्ती जोडली. आनुवंशिकतेचें पुढचें सारें शास्त्र त्या धाग्यांना धरून चाललें आहे.

पेशींच्या पाठ्यपुस्तकांत तें सूत्र आजहि बहुधा फिर्खोच्या नांवानें येतें. रेमाकचें नांव मज्जातंतूंच्या प्रकरणांत सांपडतें : ज्या बारीक तंतूंना चरबीचें वेष्टण नसतें ते ‘रेमाकचे तंतु’. आणि त्या तंतूंना कुशींत घेऊन ज्या पेशी असतात, त्यांना श्वानच्या पेशी म्हणतात.