उमेदवारांची चाळणी

'उमेदवार' हा शब्द आज आपण नोकरीसाठीं अर्ज करणारा ह्या अर्थानें सहज वापरतों. पण त्याच्या पोटांत एक जुनी रीत दडलेली आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. तेव्हां उमेदवार तो आशेवर बसलेला. जागा रिकामी होईल तेव्हां आपला नंबर लागेल, ह्या भरंवशावर कचेरींत बिनपगारी नकला करीत बसणें, ह्याला उमेदवारी म्हणत. अशा वेळीं वरिष्ठास त्या तरुणाचें अक्षर, हिशेब आणि वागणूक दिवसेंदिवस पाहावयास मिळे. अर्ध्या घटकेच्या मुलाखतींत एवढें खासच कळत नाहीं. परंतु खरी चाळणी त्याच्या आधींच लागून गेलेली असे. वर्ष-दोन वर्षें पगारावांचून ज्याच्या घरची चूल पेटत राही, आणि कचेरींत शिरकाव करून देणारा ज्याचा कोणी आप्त असे, त्यालाच ही उमेदवारी परवडे. कुणब्याचा किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीचा मुलगा तींतून गळला असें कोणी म्हणत नसे. कारण तो चाळणींत पडलेलाच नसे!

१८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखालीं आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्यांतलाच. १९०५ पर्यंत तो वणीच्या नांवानें ओळखला जाई. पुढें ओळखीच्या जागीं परीक्षा व पदवी आली. ही अट कागदावर सर्वांस सारखी होती. पण पदवीपर्यंत पोंचण्याची वाट सारखी नव्हती. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें तें १९२३ सालीं. १८८० सालीं वणीस जन्मलेल्या माधव श्रीहरि अण्यांना कॉलेजसाठीं नागपूर गांठावें लागलें. ज्याला तें साधलें नाहीं त्याचा अर्ज पहिल्याच ओळीवर बाजूला पडे. ही विषमता ओळखून शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं कोल्हापूर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. पण तो हुकूम कोल्हापूरचा. वऱ्हाडास त्याचा उपयोग नव्हता.

१९३५ च्या कायद्यान्वयें प्रांतांना लोकसेवा आयोग नेमणें भाग पडलें. १९३७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाड, बिहार व ओरिसा ह्यांस मिळून एकच आयोग झाला, आणि त्याचें ठाणें रांचीस! यवतमाळच्या पदवीधराचा कागद शेंकडों कोस दूर अशा मनुष्याच्या हातीं जाई, कीं ज्यानें दारव्हा किंवा पांढरकवडा हीं नांवेंही ऐकलेलीं नसावींत. ह्यांत लाभ होता. ओळखीपाळखीचा धागा तुटला. पण तोटाही लहान नव्हता. आमच्याकडील कापसाचा पारखी निदान मूठभर कापूस हातांत घेऊन तंतू ओढून पाहतो. येथें गांठ न सोडतांच भाव ठरे.

पुढें १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ मुंबई राज्यांत आला, व १९६० पासून महाराष्ट्राचा आयोग आमचा झाला. ठिकाणें बदललीं, प्रश्न मात्र तोच राहिला: जाहिरातींतली किमान पात्रता ज्याच्यापाशीं आहे, त्याला मुलाखतीचा हक्क आहे कीं नाहीं? त्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं केला. मध्यप्रदेशच्या आयोगानें श्रमन्यायालयांवरील न्यायाधिकाऱ्यांच्या जागांसाठीं अर्ज मागविले होते. अट पांच वर्षें वकिलीची. पण अर्ज फार आले म्हणून साडेसात वर्षें झालेल्यांनाच बोलावणें गेलें. उच्च न्यायालयानें हें गैर ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें मात्र आयोगाचीच बाजू उचलून धरली. किमान पात्रता हा प्रवेशाचा उंबरठा आहे, आमंत्रण नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय.

तर्क बिनतोड आहे. चार जागांसाठीं चारशें माणसें कोण तपासणार? तथापि माझें समाधान होत नाहीं. साडेसातच कां, सात कां नव्हे, हें अर्ज मोजून झाल्यावर ठरविलें म्हणजे सहा वर्षें वकिली केलेल्याच्या पदरीं काय पडतें? फी भरली, टपाल केलें, आणि नियम मागाहून कळला! महाराष्ट्राचा आयोग हल्लीं जाहिरातींतच बजावतो कीं पात्रता आहे एवढ्यानें मुलाखतीचा हक्क मिळत नाहीं, अर्ज फार आल्यास चाळणी परीक्षा घेतां येईल. 'चाळणी' हा शब्द आयोगानें स्वतःच वापरावा, हा प्रांजळपणा मला आवडतो. त्या परीक्षेंत घाटंजीच्या मुलाच्या हातीं निदान प्रश्नपत्रिका तरी पडते; अनुभवाच्या वर्षांवर वगळलेल्याला तीही मिळत नाहीं.