किडे का खाऊ नयेत?

१८८५ साली लंडनमध्ये व्हिन्सेंट होल्ट या गृहस्थांनी एक छोटी पुस्तिका काढली. 'किडे का खाऊ नयेत?' हेच तिचं नाव. सुरवंट कोवळा पाला खातो, शेवंड समुद्रतळाचं कुजकं खाते. मग ताटात मान शेवंडीला का, असा त्यांचा सवाल. मजुरांनी पिकावरची कीडच खावी, म्हणजे पोटही भरेल आणि पीकही वाचेल! सोबत मेजवानीचे बेतही छापले होते. इंग्रजांची ताटं काही बदलली नाहीत. मला वाटतं, युक्तिवाद चोख होता. पण किळस युक्तिवादाला कुठं दाद देते? कोळंबीही नात्यानं किड्यांच्याच कुळातली, ती आपण चाटूनपुसून खातो.

युरोपीय संघानं वाळवलेल्या पिवळ्या अळीला खाद्य म्हणून परवानगी दिली ती २०२१ मध्ये. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले आदिवासी ती पिढ्यान्‌पिढ्या वाटत आले आहेत. मीठ, मिरची, आलं, लसूण घालून.